फळीवरची डबी

बुधवारी संध्याकाळी गाजरं चिरता चिरता तिने मान वर केली, तर नवऱ्याचा चहाचा कप ओठांपासून चार बोटांवर थांबलेला. समोरच्या खुर्चीत बसून तो तिला डेपोतली गंमत सांगत होता. नव्या कंडक्टरने घाईघाईत घंटी मारली, बस सुटली, आणि... इथे त्याचं वाक्य तुटलं. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत तो नव्हता. ओठ मात्र काहीतरी चघळल्यासारखे हलत होते.

"अहो," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "अहो!"

कप तिरका झाला. गरम चहा मांडीवर सांडला, तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सुरी तशीच हातात धरून ती उभी राहिली. आणि मग, जणू काही झालंच नाही असा, तो परत आला.

"...आणि प्रवासी सगळे खालीच!" असं म्हणून तो स्वतःच्याच गमतीवर खो खो हसला. मग मांडीकडे बघून म्हणाला, "अरेच्चा, हा कधी सांडला?"

"आत्ताच. बोलण्याच्या नादात."

खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. फडकं आणायचं निमित्त करून ती सिंककडे वळली आणि नळ सोडून, पाठमोरी, फडकं पिळत राहिली.

हे काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी डेपोच्या आवारात, उभ्या बसशेजारी, तिचा नवरा ताठ होऊन कोसळला होता. बस उभी होती म्हणून निभावलं. मग तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, स्टिअरिंग सुटलं, आणि सगळी हयात बस चालवलेल्या माणसाला चाव्यांच्या खोलीत बसवलं. येईल त्या ड्रायव्हरला त्याच्या बसची चावी काढून द्यायची, एवढंच काम. लोक त्याला अजूनही ड्रायव्हरदादाच म्हणत, आणि प्रत्येक वेळी त्याचं तोंड एवढंसं होई. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मोठा झटका सगळ्यांना दिसतो. बारीक झटका घरातल्या माणसालाच दिसतो. त्यांना स्वतःला बहुतेक कळणारही नाही. तेव्हा डोळ्यांत तेल घालून तुम्ही बघायचं." तेव्हापासून ती बघत आली होती. जेवताना, झोपताना, तो वाकून चप्पल घालताना.

आणि येत्या सोमवारी त्याला स्टिअरिंग परत मिळणार होतं. डेपोच्या डॉक्टरने त्याला तपासलं होतं आणि तिलाही विचारलं होतं, "घरी इतक्यात काही जाणवलं?" ती "काही नाही" म्हणाली होती, आणि तेव्हा ते खरंच होतं. गोळ्या चालू आहेत का, हे त्याने विचारलं नाही. तिनेही आपणहून सांगितलं नाही. गोळ्या आता घरात नव्हत्याच. त्या फळीवर होत्या.

आता या फळीची गोष्ट सांगायला हवी. त्यांची ख्रिस्ती मंडळी लहानशी होती. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे दर रविवारी उपासना व्हायची. खाली रबराचा वास, वर गीतं. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला भिंतीवर एक फळी ठोकलेली होती. प्रभूने ज्याला ज्या गोष्टीतून सोडवलं, त्याने ती वस्तू आणून फळीवर ठेवायची आणि उभं राहून साक्ष द्यायची, अशी तिथली जुनी रीत. कोणाचा गळ्याचा पट्टा होता, कोणाचा चष्मा. एक सिगरेटच्या राखेची वाटी होती आणि धुऊन लख्ख केलेली दारूची एक बाटली. फळी खोटी होती असं कोणी समजू नये. बाटलीवाल्याने त्या दिवसानंतर खरोखरच थेंब तोंडाला लावला नव्हता, आणि त्याची बायको दर रविवारी त्या बाटलीकडे एकदा बघून मगच खाली बसायची.

सगळ्यात टोकाला एक काठी टेकवून ठेवलेली होती. ती एका म्हाताऱ्या बाईंची. गुडघा बरा झाला म्हणून साक्ष देऊन त्यांनी ती तिथे ठेवली त्याला बरीच वर्षं झाली. गंमत अशी की काठी सोडल्यापासूनच लोक त्यांना काठीवाली आजी म्हणायला लागले.

आपल्या या बाईकडे मात्र फळीवर ठेवायला कधी काही नव्हतं. आधी सासू अंथरुणाला खिळली. तिचं सगळं करता करता दोन हिवाळे गेले, आणि शेवटी सासूही गेली. मग ती जिथे इस्त्रीला होती ती लाँड्री बंद पडली. दुसरीकडे काम मिळतंय न मिळतंय तोच नवरा कोसळला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. तरी एक रविवार तिने चुकवला नाही. मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या साक्षींना मोठमोठ्याने आमेन म्हणायची. घरी येऊन कधीकधी उशीत तोंड खुपसून रडायची, आणि पुन्हा प्रार्थनेला बसायची. प्रभू आहे, ऐकतो, एवढं तिने दातओठ खाऊन धरून ठेवलं होतं. फक्त एकदा, एकदाच, आपल्यालाही पुढे जाऊन काही सांगता यावं असं तिला फार वाटायचं. हा हेवा होता की भूक होती, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

म्हणून काही महिने झटका आला नाही तसा तिचा धीर सुटला. उतावळा नवरा म्हणतात, इथे बायको उतावळी निघाली. एका रविवारी ती उठली, तरातरा पुढे गेली आणि गोळ्यांची निळी डबी फळीवर ठेवून म्हणाली, "माझा नवरा बरा झाला!" काय टाळ्या पडल्या! नवरा क्षणभर गोंधळून तिच्याकडे बघत राहिला, पण सगळे उभे राहिल्यावर तोही उभा राहिला. त्या संध्याकाळपासून गोळी बंद झाली.

आता गुरुवार उजाडला. नवरा दाढी करून बाहेर आला तेव्हा त्याच्या गालावर कापलं होतं. त्यावर कागदाचा तुकडा चिकटवलेला.

"हे काय?"

"ब्लेड जुनं झालंय," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून बसला.

लाँड्रीत दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रेसचं झाकण खाली ओढायचं, वाफ सोडायची, झाकण उचलायचं. हात आपोआप चालत होते. डोक्यात मात्र बस धावत होती. शाळेच्या फेरीची बस, दारापर्यंत भरलेली. पुलाच्या आधीचं ते वळण. स्टिअरिंगवर तिच्या नवऱ्याचे हात, आणि उघड्या डोळ्यांत कोणी नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. तिने एका पांढऱ्या शर्टाची कॉलर जाळली आणि मालकिणीची बोलणी खाल्ली. प्रार्थना करू गेली तर प्रार्थनाही धड होईना. जे पाहिलं ते पाहिलं म्हणावं तर आपली साक्ष खोटी ठरते. नाही म्हणावं तर...? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. शेवटी ती नुसतंच "प्रभू, प्रभू" करत राहिली आणि कपड्यांचा ढीग संपवला.

शुक्रवारी काम सुटल्यावर ती उपासनेच्या खोलीत गेली. तिची मोठी नणंद तिथे झाडलोट करत होती. आईबाप लवकर थकले म्हणून या नणंदेनेच धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलं होतं. फळीवरच्या वस्तू पुसायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं, आणि निळी डबी ती सगळ्यात शेवटी, सगळ्यात सावकाश पुसायची.

"ताई, मला वाटतं, त्यांना परत..."

"पुढे बोलू नकोस!" नणंदेने फडकं वर केलं. "तोंडातून काढलंस की दार उघडलंस म्हणून समज. डोळ्यांना दिसतं ते सगळं खरं नसतं."

"कप धरून बसले होते. चहा सांडला. भाजलं तरी कळलं नाही."

"दमला असेल. कामावर जायच्या आनंदात झोप नसेल झाली." नणंदेचा आवाज एकदम चिरका झाला. "आणि काय सांगणार आहेस तू लोकांना? तुझी साक्ष ऐकून ते नवं जोडपं मंडळीत आलं. रविवारी सगळे त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करणार आहेत. त्या सगळ्यांचा विश्वास तू पायाखाली तुडवणार? बाई, तुझी शंकाच त्याला आजारी पाडेल."

बोलता बोलता नणंद डबी पुसत होती, आणि डबीतल्या गोळ्या खुळखुळ वाजत होत्या. तिचा हात कापत होता, म्हणून. घाबरलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, आणि इथे तर दोघीही घाबरलेल्या. ती जिना उतरली. जिन्यात खालून काठीवाली आजी कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरीवर थांबत वर येत होती.

"गुडघा कसा आहे, आजी?"

"प्रभूची स्तुती असो," आजी धापा टाकत म्हणाली आणि पुढच्या पायरीकडे वैऱ्यासारखं बघितलं.

शनिवारी सांगायचंच, असं ठरवून ती उठली. नवरा बूट घासत बसला होता. शिट्टीवर गीत चाललं होतं, वर्षभरात पहिल्यांदा. टेबलावर ब्रश, पॉलिशची डबी, आणि कुठून तरी शोधून काढलेला बिल्ला. तो इतका सुखात दिसत होता की तिने सांगणं पुढे ढकललं. तिने त्याचा गणवेशाचा शर्ट काढला आणि इस्त्रीला घेतला. दिवसभर दुसऱ्यांचे शर्ट, आणि शनिवारी नवऱ्याचा. पण या शर्टाची बाही तिने कधी नव्हे इतक्या वेळा फिरवली.

"सोमवारी पहिल्या फेरीला तू ये," तो म्हणाला. "माझ्या मागच्या सीटवर बसायचं. कामावर जरा उशिरा जा. येशील ना?"

"येईन की."

आणि हे म्हणताना तिला जाणवलं की आपण खरंच बसू. डोळे मिटून, काही विचार न करता बसू. जे होईल ते दोघांचं होईल. पण आपल्या मागे जी माणसं बसतील त्यांचं काय? दप्तर मांडीवर घेतलेली मुलं, दवाखान्यात निघालेली एखादी म्हातारी. त्यांनी कुठे साक्ष दिली होती? त्यांना फक्त उतरायचं होतं, आपापल्या थांब्यावर. माझा विश्वास खरा आहे हे दाखवायला मी त्यांना त्या बसमध्ये बसवणार? तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"काय गं?"

"काही नाही. वाफ लागली."

तो काहीतरी बोलायला तोंड उघडतोय असं तिला वाटलं. पण त्याने गालावरच्या जखमेवरून बोट फिरवलं आणि पुन्हा बूट उचलला.

रविवारी जिन्यावरच त्याला गाठून सांगावं असं तिच्या मनात होतं. पण नणंद दारातच उभी होती. तिने भावाला दंडाला धरून पहिल्या रांगेत नेलं आणि भावजयीकडे असं बघितलं की बस्स. खोली भरली होती. नवं जोडपंही आलेलं होतं. गीतं झाली. पाळकसाहेबांनी शास्त्रातला उतारा वाचला, पण तिच्या कानापर्यंत एक शब्द पोचला नाही. तिला फळीवरची निळी डबी दिसत होती, आणि नवऱ्याची ताजे केस कापलेली मान. प्रभू, तू दुसऱ्या कोणाला तरी उठव, असं ती मनातल्या मनात विनवत होती. शास्त्रातल्या त्या आजाऱ्याला तू नुसत्या शब्दानेच बरं केलंस, मग मलाच का उभं करतोस?

"साक्षींची वेळ आहे," पाळकसाहेब म्हणाले. "आणि मग आपल्या ड्रायव्हरदादांसाठी प्रार्थना. उद्या ते पुन्हा..."

ती उभी राहिली. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. कोणीतरी आधीच "आमेन" म्हणून मोकळं झालं.

"मी घाई केली," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं की हे बरे झालेत. ते नाही झाले. बुधवारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ह्यांना ठाऊकही नाही. मी ह्यांना खोटं सांगितलं. उद्या हे बस चालवणार आहेत आणि बसमध्ये माणसं असतील."

नवऱ्याने मागे वळून बघितलं नाही. त्याची मान तेवढी खाली गेली. बस, संपलं, असं तिला वाटलं. नवरा गेला, मंडळी गेली, आणि ज्याला इतकी वर्षं धरून ठेवलं तोही गेला. पण पाय थांबले नाहीत. रांगांमधून ती पुढे गेली, फळीपाशी पोचली आणि डबीला हात घातला.

"ती प्रभूला दिलेली वस्तू आहे!" नणंद उठली. "दिलेलं परत घेतात का?"

"ताई, प्रभूने मागितलीच नव्हती. मीच ठेवली. मला टाळ्या हव्या होत्या."

डबी हातात घेऊन ती वळली. कोणाकडे बघावं ते कळेना. पाळकसाहेब पुस्तक उघडं धरून तसेच उभे. आणि तेवढ्यात भिंतीकडेच्या खुर्चीतून एक जाड, कंटाळलेला आवाज आला.

"अगं बाई, गेलीच आहेस तिथवर, तर माझी काठी पण घेऊन ये."

सगळ्यांच्या माना वळल्या. काठीवाली आजी गुडघा चोळत बसली होती.

"काय बघताय? बरा होता. तेव्हा चार महिने खरंच बरा होता. नंतर दुखायला लागला, तर सांगणार कोणाला? फळीवर काठी, आणि सगळ्यांच्या तोंडी माझी साक्ष. इतकी वर्षं भिंती धरून चालतेय मी. भिंतींनासुद्धा माझी दया यायला लागली असेल."

आधी बाटलीवाल्याची बायको हसली. मग तो हसला. मग हसू अख्ख्या खोलीभर पसरलं, आणि त्या हसण्यात दोघंतिघं डोळे पुसत होते. तिने काठी उचलली, धूळ नव्हतीच तिच्यावर, नणंदेने पुसून पुसून चकचकीत ठेवली होती, आणि आजीच्या हातात नेऊन दिली. आजीने ती अशी घट्ट धरली की जणू माहेरचं माणूस भेटलं.

पण तिचा नवरा हसला नव्हता. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याने वर बघितलं, आणि डोळ्यांत तो होता, पुरता होता, आणि डोळे भरलेले होते.

"गुरुवारी," तो हळूच म्हणाला, "आरशासमोर उभा होतो. रेझर गालावर होता. मग एकदम बेसिनमध्ये रक्त दिसलं, आणि मधलं काही आठवेना. मला कळलं होतं गं. तू एवढ्या लोकांत सांगितलेलं, तुझा विश्वास मोडेल म्हणून बोललो नाही. वाटलं, सोमवारी तू मागे बसलेली असशील, म्हणजे काही होणार नाही."

तिने त्याच्या गालावरच्या जखमेला बोट लावलं.

त्याने हात पुढे केला, तळवा वर करून. तिने डबी उघडून एक गोळी त्यावर ठेवली. पाळकसाहेब व्यासपीठावरून उतरले आणि स्वतःचा पाण्याचा ग्लास त्यांनी ड्रायव्हरच्या दुसऱ्या हातात दिला.

"उद्या डेपोत मी येतो तुमच्याबरोबर," ते म्हणाले. "आणि डॉक्टरीणबाईंकडेही. गोळी बंद झालेली त्यांना सांगायला हवं. टाळ्या मीही वाजवल्या होत्या."

नणंद येऊन भावाशेजारी बसली. तोंडाला पदर लावून रडत होती, पण त्याचा ग्लास उलटू नये म्हणून खालून हात धरला होता. त्याने गोळी गिळली.

"आता प्रार्थना," पाळकसाहेब म्हणाले आणि डबी हातात धरलेल्या तिच्याकडे बघून थांबले. "ताई, तुम्हीच करा."

प्रार्थनेत तिचा हात धरणारं मंडळीत कोणी नव्हतं. सुरू झाली की जेवण गार होईपर्यंत थांबत नसे, अशी तिची ख्याती. आज मात्र तिला एकही ठेवणीतला शब्द सापडेना. शास्त्रातला तो बाप आठवला, फिट येणाऱ्या मुलाला घेऊन प्रभूपुढे आलेला. विश्वास आहे, पण पुरत नाही, तेवढं तूच सांभाळ, असं तो म्हणाला होता, आणि तरी प्रभूने त्याला घालवून दिलं नव्हतं. तिने नवऱ्याचा हात धरला. उद्या त्याला पुन्हा चाव्यांच्या खोलीत बसायचं होतं, आणि तिला पुन्हा प्रत्येक कपाकडे बघत बसायचं होतं. भीती गेली नव्हती. ती तिथेच होती, पोटात, नेहमीच्या जागी.

"प्रभू," ती म्हणाली, "बरं नाही झालं."

दुसऱ्या हाताने तिने डबीचं झाकण दाबून लावलं.

"तरी आम्ही इथेच आहोत. तूही जाऊ नकोस."

"आमेन!" आजी म्हणाली आणि काठी जमिनीवर अशी आपटली की खाली टायरवाल्याने वर बघितलं असेल.